गोग्रासाची पन्नी

वेदश्रीच्या सुधामावशीचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. मावशीचं सासर सेलूच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत वेदश्री, तिचा धाकटा भाऊ मिहिर आणि वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतली त्यांची शेजारीण ईरा, असे तिघे तिकडे गेले. मावशीचे यजमान योगेंद्रकाका यांनी त्यांना कबूल केलं होतं की गायगोधन, म्हणजे दिवाळीतली गाईंची पूजा, झालं की तलावावर तंबूत राहायचं.

तो तलाव टेकडीच्या माथ्यावर होता. मोहाचा तलाव म्हणत त्याला. पाणी इतकं शांत की बगळा उडाला तरी तो दोनदा दिसायचा, एकदा वर आणि एकदा खाली. काठावर सेलूचे कापडाचे व्यापारी प्रभाकरराव सुट्टीत तंबू लावत. नागपूरहून, वर्ध्याहून पाहुणे येत. गावाची गुरं मात्र त्याच्याही आधीपासून तिथे पाण्यावर येत होती.

तलावावरच्या पहिल्याच सकाळी मुलांनी भांडण ऐकलं. गावाची गुरं राखणारा गायकी तानबा ती घेऊन वर आला होता आणि त्याच्यामागे मंदाबाई धापा टाकत चढत होत्या. त्यांची साळू नावाची पांढरी गाय वाटेतच थांबली होती. तिचं डावं पोट ढोलासारखं फुगलं होतं. ती रवंथ करत नव्हती.

"तानबा, माह्या गाईले काय चारलं तू?" मंदाबाई म्हणाल्या.

"मी काय चारतो वो? जे सगळे खातेत, तेच ते खाते."

"मंग तिचंच पोट काऊन फुगलं?"

दसऱ्यापासून गावातल्या दोन गाई अशाच फुगून मेल्या होत्या. गाव म्हणत होतं की तानबा झोपा काढतो आणि गुरं विषारी पाल्यात तोंड घालतात. गावातले मोठे माणूस नानाजी यांनी त्याला सांगून टाकलं होतं, की शनिवारी आखरावर, जिथे सकाळी सगळी गुरं जमतात तिथे, बैठक होईल आणि गुरं दुसऱ्याकडे जातील. तानबाच्या बापानेही हीच गुरं राखली होती. तानबाला दुसरं काही येतही नव्हतं.

त्याने मुलांना सांगितलं की दोष पाण्याचा आहे, तलाव बिघडला आहे. पण मिहिरने विचारलं, की त्याच पाण्यातले मासे मग उड्या कसे मारतात? तानबा चिडला. "तू लई मोठा डाक्टर लागून गेला," असं म्हणून तो काठी आपटत गेला.

"बरोबर बोललास," ईरा म्हणाली, "पण बोलायची वेळ चुकली."

त्या दिवशी ईराला एक सपाट दगड सापडला. तो तंबूंपासून थोडा दूर, गुरांच्या वाटेवर होता. त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. खाली भाताची शितं आणि थोडी पिवळी खिचडी सांडली होती. ती कोणी ठेवली, हे दुपारीच कळलं. प्रभाकरराव जेवणाआधी सगळ्या पाहुण्यांकडून गाईचा घास काढून घेत. खिचडी, पुरी, गोड भात, सगळं एकेका पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, भरायचं आणि मुंग्या लागू नयेत म्हणून पन्नीला घट्ट गाठ मारायची. मग पाहुण्यांनी त्या दगडावर ठेवून हात जोडायचे आणि फोटो काढायचा. गुरं दिवसभर माळावर, पाहुण्यांना मात्र भूक लागलेली. गाय येईल तेव्हा खाईल, असं ते म्हणत.

वेदश्री दगडाभोवती दोनदा फिरली.

"मिहिर, रोज इतक्या पन्न्या ठेवतात ना?"

"हो."

"मग रिकाम्या कुठे आहेत?"

तिघांनी सगळा काठ पालथा घातला. झुडपांत पाहिलं, पाण्यात पाहिलं. एकही नव्हती. ईराचा चेहरा उतरला, कारण तिला उत्तर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पन्न्या ठेवून गेले तेव्हा मुलं झुडपामागे बसली. गुरं पाण्यावर आली. एक तांबडी गाय दगडाशी गेली, पन्नी हुंगली आणि गाठीसकट तोंडात घेतली. वेदश्री धावली. तिने गाईच्या जबड्यातून लोंबणारं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. गाईने मान झटकली, वेदश्री चिखलात पडली, पण लाळेने माखलेली पन्नी तिच्या मुठीत होती. गाठ अजून तशीच होती. मिहिरने बाकीच्या पन्न्या उचलून आपल्या शर्टात भरल्या.

तसेच ते प्रभाकररावांकडे गेले. ते खुर्चीवर बसून चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. गाय हुशार असते, ती पन्नी टाकून देते, असं म्हणाले. वर मुलांना समजावलं की धर्माच्या कामात लहानांनी बोट घालू नये.

"त्या दोन गाई मेल्या," वेदश्री म्हणाली.

"अरे, गावची गुरं आहेत. मरत राहतात."

वेदश्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हे मिहिरने पाहिलं आणि त्याला कळलं की आता काहीतरी होणार.

मुलं तंबूंमागच्या चुलीवर गेली. तिथे स्वयंपाक करणाऱ्या अन्नपूर्णाबाई होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी झारा खाली ठेवला. उद्याचे पोहे मुलांच्या ताब्यात द्यायला त्या कबूल झाल्या. योगेंद्रकाका खाली गावात गेले आणि नानाजींना निरोप दिला, की शनिवारची बैठक आखरावर नको, तलावावर घ्या.

शनिवारी सकाळी गाव वर आलं. नानाजी आले, मंदाबाई साळूला ओढत आल्या, तानबा खाली मान घालून एका बाजूला उभा राहिला. पाहुणे नाश्त्याला बसले होते. पानांनी झाकलेल्या ताटल्या मुलांनी त्यांच्यापुढे ठेवल्या. प्रभाकररावांनी पान उचललं. खाली पोह्यांची पन्नी होती, गाठ मारलेली.

त्यांनी गाठीला हात घातला.

"हात नाही लावायचा," ईरा म्हणाली. "गाईला हात असतात का?"

"काय चाललंय हे? खोलून दे ती."

"तुम्ही कुठे खोलून देता?" वेदश्री म्हणाली. "तुम्ही हुशार आहात ना? मग खा. पोहे पोटात घ्या आणि पन्नी टाकून द्या. आम्ही बघतो कसं जमतं ते. तुमच्या पुण्याची गाठ गाईने का सोडायची? आणि शिव्या तानबाकाकांनी का खायच्या?"

मिहिरने लाळ वाळलेली पन्नी नानाजींच्या हातात दिली आणि दगडापाशी जे पाहिलं ते सांगितलं. एका पाहुण्या बाईंनी आपला फोन पालथा ठेवला आणि त्या रडू लागल्या.

प्रभाकरराव म्हणाले, की हे सिद्ध कसं होणार? त्याचं उत्तर दुपारी मिळालं. काकांनी सेलूहून गुरांच्या डॉक्टरांना आणलं होतं. मोहाच्या झाडाखाली त्यांनी साळूची डावी कूस बधिर करून उघडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. टोपलीभर गोळा निघाला. पन्न्यांच्या गाठी त्यात स्पष्ट दिसत होत्या. एकीत पुरी तशीच होती.

मंदाबाई तानबासमोर गेल्या. "मी तुले लई बोलली," एवढंच म्हणाल्या. तानबाने मान हलवली, पण तो टोपलीकडेच पाहत होता.

नानाजींनी तिथेच सांगितलं की गुरं तानबाकडेच राहतील, आणि तलावावर पन्नी दिसली तर तंबू उठतील. मग ते मुलांकडे वळले. "आमी गावभर एका माणसाले दोष देत राह्यलो. पन्न्या कुठं गेल्या, हे पोरायनं इचारलं. शाबास रे." प्रभाकररावांनी दगड स्वतः धुतला. मुलांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतरचे तीन दिवस मुलं साळूपाशी बसली. ईरा तिला एकेक काडी हिरवा चारा भरवत होती. साळूने थोडा खाल्ला. पण फार उशीर झाला होता.

मंदाबाईंची साळू मंगळवारी, एकवीस नोव्हेंबर दोन हजार तेवीस रोजी, सकाळी गुरं पाण्यावर आली तेव्हा मेली.