घासून पुसलेल्या रेघा

साहेब, तुम्ही आमच्या सड्यावर (डोंगराच्या सपाट माथ्यावर) पत्रा उभा केलात, फीत कापलीत, पेढा खाल्लात आणि निघून गेलात. जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाहीत. त्याचं काय झालं ते आता ऐका.

डोंगरमाथ्यावरच्या बिरोबाच्या वाडीत झरा माघातच आटतो. धुकं मात्र पहाटे दाट असतं. घराच्या भिंतीएवढा तो पत्रा धुक्यातले थेंब पकडायचा आणि खालच्या पन्हळीतून हौदात सोडायचा. पहिल्या वर्षी हौद काठोकाठ भरला. म्हशी घेऊन कुणाला खाली उतरावं लागलं नाही. दुसऱ्या वर्षी हौद अर्धा राहिला. यंदा नुसता तळ ओला झाला. धुकं तेवढंच, पत्रा तोच. मग पाणी गेलं कुठं?

एके सकाळी पत्रा उतरवून न्यायला सहा पायांचा यंत्रमानव डोंगर चढून आला. पोरांनी त्याचं नाव लगेच खेकडा ठेवलं. त्याला तुमचा हुकूम होता: गावानं निगा राखली नाही, सबब पत्रा परत आणावा आणि भंगारात काढावा.

हे ऐकून वाडीतल्या पोरसवदा सगुणाच्या डोक्यात तिडीक गेली. दर शुक्रवारी ती आणि तिची आई राख आणि नारळाची शेंडी घेऊन पत्रा घासायच्या, तांब्याचा हंडा घासावा तसा. पाहुणा आला की आई कौतुकानं सांगायची, आमच्या सगुणानं घासलेल्या जागी तोंड दिसतं.

"निगा राखली न्हाई म्हणं," ती खेकड्याला म्हणाली. "बघ की त्यात तुझं तोंड. असलं तर."

खेकड्यानं पिचकारीतून एक थेंब पत्र्याच्या मधोमध मारला. थेंब आदळला, भाकरीसारखा गोल पसरला आणि तिथंच चिकटून बसला. मग त्यानं कडेची चौकट उचकटली. तिच्याखालच्या पट्टीपर्यंत शेंडी कधी पोचली नव्हती. तिथं एकाखाली एक मारलेल्या दोन थेंबांतला वरचा तांदळाच्या दाण्यासारखा उभा लांबला, खालच्या थेंबाला मिळाला आणि सर्रकन ओघळला.

एकाच पत्र्यावर थेंबाचे दोन आकार कसे?

खेकड्यानं सूक्ष्मदर्शक (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं भिंग) सगुणाच्या डोळ्याला लावलं. पट्टीवर उभ्या रेघा होत्या, केसाहून बारीक, शेतातल्या सऱ्यांसारख्या. तो समजावू लागला. थेंब आदळला की चहूकडे पसरू बघतो. सरीच्या लांबीत त्याला अडवणारं काही नसतं, म्हणून तो तिकडे धावतो. आडवं जायचं तर दर वरंब्याची (दोन सऱ्यांमधल्या उंचवट्याची) धार लागते आणि धारेपाशी पाण्याची कड अडून बसते. काठोकाठ भरलेल्या पेल्यात पाणी काठाच्या वर फुगतं तरी सांडत नाही ना, तसंच. हे पृष्ठताणामुळे होतं (पाण्याची वरची बाजू ताणलेल्या सालीसारखी वागते, तो गुण). थेंब उभा लांबला की दुसऱ्याला मिळतो, जड होतो, खाली पळतो. रेघा नसल्या तर तो गोल पसरून पातळ होतो, आणि ऊन वर येताच उडून जातो.

सगुणानं भिंग पत्र्याच्या मधोमध नेलं. तिथं सगळं सपाट होतं. तिनं पुन्हापुन्हा पाहिलं.

"आम्ही पुसल्या त्या?"

"हो. राखेनं. तोंड दिसतं त्या जागी सगळ्यात जास्त."

हातांना काही लागलेलं नव्हतं, तरी तिनं ते परकराला पुसले. मागे उभी असलेली आई हळूच म्हणाली, "मला वाटलं, चमकंल तेवढं पाणी येईल."

रेघा पुन्हा कोरता येतात, खेकडा म्हणाला. नमुन्याला ती पट्टी पुरेल. पण हुकूम बदलायचा तर वाडीचा जबाब थेट साहेबांच्या कानावर गेला पाहिजे, आणि तोवर मी पत्रा न उतरवता थांबतो. त्यानं सहाही पाय दुमडले आणि तो पत्र्याच्या सावलीत बसला. त्याच्या छातीवरचा लाल दिवा लागला; आता बोललेलं थेट तुमच्यापर्यंत जाणार होतं.

आईनं सगुणाला पुढं केलं.

"साहेब," सगुणा म्हणाली, "रेघा आम्हीच पुसल्या. कबूल. पण त्या हायत हे तुम्हाला ठावं हुतं, आम्हाला न्हवतं. पुन्हा कोरून दिल्या तर शेंडी लावणार न्हाई, साऱ्या पोरांना भिंगातनं दाखवीन. तेवढं माझ्याकडं लागलं. पण फीत कापायला एवढा डोंगर चढून आलासा, तवा 'घासू नका' एवढंच का बोलला न्हाईसा? आम्ही हितंच बसलोय. सांगा."