पुलापुढची बाई

"पूल का काढताय, चाचा?"

कादर पेंटरांनी मान वर केली. गोदाघाटाच्या पायरीवर, अगदी पुढ्यात, दोन तरुण उभे होते. एकानं त्यांच्या मांडीवरची वही उचललीसुद्धा. सीमेवर लढाई पेटून तीन दिवस झाले होते. शहरात भोंगे वाजत होते, तिन्हीसांजेला दिवे मालवले जात होते. आणि अशा दिवसांत हा म्हातारा होळकर पुलाच्या कमानी एकेक करून कागदावर उतरवत बसला होता.

"नाव काय तुमचं?"

सत्तर वर्षांत हे नाव सांगताना कादर कधी अडखळले नव्हते. आज मात्र ते नुसतेच कुंचला पुसत राहिले...

"आरं, नाव काय इचारतो? माझं चित्र काढतायत ते!"

दोन पायऱ्या खाली वाती विकणारी बाई बसली होती. गुडघ्यावर कापूस, बोटांत अर्धी वळलेली वात.

"यात तुम्ही कुठं आहात, आजी?"

"आले नाय अजून. आधी मांडव, मंग नवरी. का तुमच्यात उलटं असतं?"

तरुण हसले. "उद्या बघायला येतो हां," म्हणत वही टाकून गेले.

"आता?" कादर पुटपुटले.

"आता काय, काढा मला. बाईमाणसाला खोटं पाडता का?"

"मला माणसं जमत नाहीत, बाई."

"मंग काय जमतं?"

"अक्षरं."

खरंच होतं ते. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. चौकट त्यांचा भागीदार सावळीराम ठोकायचा, अक्षरं कादरांची. भद्रकालीतल्या दुकानावर दोघांची नावं एकाच पाटीवर होती. फ्लेक्स आले, पाट्या संपल्या, तशी कादरांनी नदी धरली. सावळीराम ती चित्रं मढवायचा आणि चिडवायचा, "कादर, तुझ्या नाशकात माणसंच नाहीत रे!"

दुसऱ्या दिवशी त्या वाती विकणाऱ्या यशोदाबाई निळं लुगडं नेसून आल्या. मुद्दाम नव्हे, असं त्यांनीच न विचारता सांगितलं.

"हलू नका."

"वाती कोण वळील? तुमचा पूल?" त्यांनी वाकून वहीत पाहिलं. "अगं बाई... हे हात हायेत का लसणाची गड्डी?"

कितीतरी दिवसांनी कादर मोठ्यानं हसले. तेवढ्यात अवकाळीचे चार थेंब आले. एक नेमका कागदावरच्या ओल्या गालावर पडला. कादर हळहळले — पण यशोदाबाईंनी चिमूटभर कापूस घेऊन तो अलगद टिपला. रंग थोडा उतरला, आणि गालावर उजेड राहिला. तो कादरांनी तसाच ठेवला.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, जियाचा, फोन आला. "अब्बा, थोडे दिवस घरीच बसा ना."

"चित्र अर्धं आहे गं." कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

लढाईच्या पाचव्या दिवशी ते नेहमीसारखे चहाला सावळीरामकडे गेले. पाटीवर एकच नाव होतं. दुसऱ्या जागी ओला पांढरा रंग.

"थोडेच दिवस, कादर... गिऱ्हाईक विचारतं. तू समजून घे. आणि इकडं येऊही नको सध्या."

कादरांनी पाटीकडे पाहिलं. "पांढऱ्याखाली आधी अस्तर लावायला हवं होतंस," ते म्हणाले. "दोन पावसाळ्यांत अक्षरं वर येतील."

सावळीराम खाली बघून चौकट ठोकू लागला.

घाटावर येऊन त्यांनी वही उघडली, पण कुंचला हातात धरवेना.

"काय झालं, पेंटर?"

त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "खरंच म्हणायचा तो. माझ्या नाशकात माणसंच नाहीत."

वात वळणारी बोटं थांबली.

"मी हाय ना."

एवढंच बोलून यशोदाबाई नदीकडे बघत राहिल्या. खूप जास्त बोलून गेल्यासारख्या.

दोन दिवसांनी गोळीबार थांबला. दिवे लागले. चित्र बघायला ते तरुण आलेच नाहीत. कादर घाटावर गेले, तेव्हा यशोदाबाईंच्या शेजारी गाठोडं बांधलेलं होतं.

"येवल्याहून लेक येतोय न्यायला. कुनीतरी फोन केला त्याला. म्हनला, आई, त्या पेंटरम्होरं रोज काय बसती?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, हात काढायचे राह्यलेत."

कादरांनी वही उघडून पुढं धरली. हात पूर्ण होते. बोटं, नखं, बोटांतली वातसुद्धा.

"कालच झाले होते," ते हळूच म्हणाले. "सांगितलं असतं, तर... तुम्ही आला नसता."

"मला काय दिसत नव्हतं व्हय?"

कादरांनी पान फाडून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, गालावरच्या उजेडावर बोट ठेवलं, आणि परत केलं.

"लेकाच्या घरात कुठं लावू मी? कोन म्हनून सांगू? तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमच्या नाशकात एक मानूस तर राहील."

गाठोडं उचलून त्या पायऱ्या चढून गेल्या. वर गेल्यावर थांबल्या — पदर सावरायला असेल.

दुसऱ्या सकाळी कादर त्याच पायरीवर बसले. कोरं पान काढलं आणि पुलाच्या कमानी एकेक करून, सगळ्यांना दिसतील अशा, काढत राहिले. दोन पायऱ्या खालची जागा रिकामी होती. दिवसभर माणसं शेजारून गेली.

पूल का काढताय, असं कुणीच विचारलं नाही.