फेरउजेड

तारा फुटतो एकदाच, पण तो पुन्हा पुन्हा फुटताना दिसू शकतो, हे २०८९ साली वाईतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. त्याला फेरउजेड म्हणत. वाटेत दीर्घिकांचा अवजड पुंजका आडवा आला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि निरनिराळ्या वाटांनी, निरनिराळ्या वर्षी आपल्यापर्यंत पोचतो.

“म्हणजे खंबाटकीसारखं,” ऋजुता म्हणाली. “एक गाडी बोगद्यातून, दुसरी घाट चढून.” ती बेकरी चालवायची, आईच्या खगोलशास्त्रातलं तिला ओ की ठो कळत नसे. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती.

“अगदी! घाटातली गाडी सत्तावीस वर्षांनी पोचतेय,” हेमांगी खुशीत म्हणाली. “तेज कळसाला पोचायच्या आधीचे दोनच दिवस महत्त्वाचे. तेव्हाच्या अवरक्त वर्णपटात, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात, न जळलेल्या कार्बनची खूण असते. तारा पेटला कसा, हे ती सांगते. मग पुसून जाते.”

“आणि मागच्या वेळी तू बघणार, तेवढ्यात मी टपकले.”

“नाही तर काय! माझा तारा गिळलास तू, भवाने.”

अवकाशातल्या दुर्बिणीचे आजच्या दुपारचे चार तास हेमांगीला मिळाले होते. वर्णपटमापकाची केसाएवढी फट त्या ताऱ्याच्या ठिपक्यावर बसवणं यंत्राला साधत नसे, तिच्या हाताला साधे. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच आतून हाक आली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून बारा दिवस होते.

“आई, तू बस. मी रिक्षाने जाते.”

“गप गं!” हेमांगीने संगणक तसाच सोडला आणि पोरीला घेऊन दवाखाना गाठला.

संध्याकाळी मुलगी झाली. चार तास केव्हाच सरले होते. हेमांगीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण नात सटकन शिंकली आणि आजीबाई खळखळून हसल्या.

“मायलेकींनी दोनदा गिळला माझा तारा! असू दे. तिसरी वाट आहे अजून, एकतीस वर्षांनी. मी नसेन तेव्हा, पण हिला सांगून ठेवू, की तुझ्यापायी...”

ऋजुताने बाळ आपल्याकडे घेतलं.

“आई, हिला ताऱ्याचं काही सांगायचं नाही हं. कधीच नाही.”

“का गं? गंमतच की...” म्हणता म्हणता हेमांगी थांबली. सत्तावीस वाढदिवसांत ऋजुता त्या गमतीला एकदा तरी हसली होती का, हे तिला काही केल्या आठवेना.