लुपेआजींची शिकवणी

शर्वाणीला स्पॅनिशचे चारशे शब्द तोंडपाठ होते. झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगेल. पण एखादा स्पॅनिश माणूस बोलू लागला, की त्यातला एकही शब्द तिच्या कानाला लागत नसे! हे कोडं काही केल्या सुटेना.

आणि ते दोन महिन्यांत सुटायलाच हवं होतं. चिलीच्या वाळवंटातल्या रेडिओ दुर्बिणींजवळ (ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या प्रचंड तबकड्या) पंधरा दिवस राहण्यासाठी जगभरातून वीस मुलं निवडली जाणार होती. २०५८ साली कानात बसणारं भाषांतरयंत्र प्रत्येकाकडे होतं. पण त्याच्या लहरींत ताऱ्यांच्या क्षीण लहरी बुडून जातात, म्हणून तिथे त्याला सक्त मनाई होती. मुलाखतीतही ते बंद ठेवायचं. गेल्या वर्षी शर्वाणी मुलाखतभर नुसती मान हलवत बसली होती. यंदा तिला बारावं लागलं होतं आणि वयाची अट तिथवरच होती, म्हणजे ही शेवटची संधी.

ती विभाआत्याकडे गेली. आत्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत भाषा आणि मेंदू यांचा अभ्यास करायची.

"म्हण बघू, 'पाणी ओत आता'," आत्या म्हणाली. पडद्यावर ध्वनिलेख (आवाजाच्या चढउताराचं चित्र) उमटला. "आता दाखव, शब्द कुठे संपतो?"

शर्वाणीने एका फटीवर बोट ठेवलं.

"फसलीस! ती फट 'आता' या शब्दाच्या पोटातली आहे. 'त' म्हणायला जीभ दातांना टेकते, तेव्हा आवाज क्षणभर थांबतो. शब्दांमध्ये मोकळी जागा असते ती पुस्तकात. बोलताना सगळं एकसलग."

"मग मला मराठी बरं सुटं सुटं ऐकू येतं?"

"कारण कुठे कापायचं ते तुझ्या मेंदूला ठाऊक आहे. तान्ही होतीस तेव्हा ऐकून ऐकून शिकलीस. आता तेच पुन्हा कर. ती शब्दांची यादी ठेव बासनात!"

आत्याने तिला मेक्सिकोतल्या एका खेड्यातल्या लुपेआजींचे व्हिडिओ लावून दिले. आजी ब्याऐंशी वर्षांच्या. मक्याच्या पिठाचे गोळे दोन्ही तळव्यांवर थापायच्या आणि समोर नातू बसल्यासारख्या कॅमेऱ्याशी गप्पा मारायच्या. काय त्यांचा हात, आणि काय ती अखंड चालणारी जीभ! शर्वाणी पहिल्याच दिवशी त्यांच्या प्रेमात पडली.

पिठात पाणी पडलं की आजी म्हणायच्या, "एचालेआग्वा." मीठ पडलं की, "एचालेसाल." चौथ्या दिवशी शर्वाणी किंचाळलीच.

"आत्या, 'एचाले' म्हणजे घाल! पुढचं तेवढं बदलतंय!"

"शाब्बास! याला म्हणतात सांख्यिकीय अध्ययन (कोणते आवाज नेहमी जोडीने येतात, याची मेंदू आपसूक ठेवत असलेली नोंद). जोडी जिथे फुटते, तिथे शब्द संपतो. आणि आजींचे हात दिसतात, म्हणून अर्थही लागतो."

दोन महिने ती रोज आजींचं बोलणं ऐकत आणि त्यांच्या मागोमाग म्हणत राहिली. मुलाखतीच्या दिवशी पडद्यावर दुर्बीण केंद्राचे साठीचे डॉ. इग्नासियो आले. ते भरभर बोलत होते, पण शर्वाणीला शब्द सुटे सुटे ऐकू येत होते! ती उत्तरं देत सुटली. तेवढ्यात डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली आणि तिच्या तोंडून अस्सल स्पॅनिशमध्ये निघून गेलं, "अरे माझ्या सोन्या, गरम काहीतरी पी! आणि शाल कुठे टाकलीस?"

शेजारी बसलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. मेंदू शब्द एकटे उचलत नाही, बोलणाऱ्याची ढब आणि वयही उचलतो, हे सांगायचं ती विसरलीच होती. शर्वाणीच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं सगळं!

पण डॉक्टर हसत सुटले होते. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"माझी आजी गेल्यापासून मला कोणी असं दटावलं नव्हतं. पण मुली, तू ऐंशी वर्षांच्या बाईसारखी बोलतेस! यावर उपाय एकच. आमच्या गावात बारा वर्षांची पुष्कळ पोरं आहेत. त्यांचं बोलणं ऐकायला तुला इथे यावं लागेल."

"म्हणजे... माझी निवड झाली?"

"झाली. आमच्या तबकड्याही तुझंच काम करतात. आकाशातली सलग खरखर ऐकत राहायची आणि तीत पुन्हा पुन्हा येणारं काय आहे ते शोधायचं. उद्या तिथे कोणी बोलत असलं, तर तुझ्यासारखे कान लागतील आम्हाला."

पडदा विझला. शर्वाणी जागची हलेना.

"उठा आता, आजीबाई," आत्या म्हणाली. "बॅग भरायला घ्या. आणि शाल विसरू नका!"