घोरपडीचं ऊन

उजेडाबद्दल आपल्याला कोणी काही शिकवू नये, असा चांद्याच्या गुणवंतरावांचा रुबाब होता. गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कोणाच्या नाकाची सावली कुठे पाडायची, नवरीचा रंग कसा उजळवायचा, हे त्यांनीच जाणावं. धानोऱ्याकडून मध विकायला येणाऱ्या पोचूनं एकदा हाताएवढं घोरपडीचं पिल्लू आणलं. खरं तर रश्श्यासाठी आणलं होतं. पण गुणवंतरावांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी ते पदरात घेतलं आणि त्यांचा चेहरा बघून पोचूनं रश्श्याचा विषय काढलाच नाही. पिल्लाला थंडीत ऊब द्यायचं काम मग आपसूकच गुणवंतरावांकडे आलं.

पिल्लाचं नाव पडलं चिंगी. एका सागवानी खोक्याला पुढून काच लावून तिचं घर झालं. पण मार्गशीर्षात आभाळ भरून आलं, ऊन दिसेना, आणि चिंगीनं अंड्याकडे बघणंही सोडलं. रुखमाबाईंनाही मग घास जाईना.

गुणवंतरावांनी आधी कंदील ठेवला. काच तेवढी काळी झाली. गॅसबत्ती फुसफुसली तशी चिंगी खोक्यात अंथरलेल्या तणसाच्या पेंढ्यात शिरली. स्टुडिओतला मोठा दिवा लावला तर खोक्याचं वार्निश तडकलं, आणि रुखमाबाईंनी विचारलं, पिल्लू जगवाचं आहे का भाजाचं? शेवटी साधा विजेचा बल्ब ठरला, वर डब्याचा पत्रा वाकवून केलेली टोपी. फोटो धुण्याच्या औषधातला थर्मामीटर आत ठेवून त्यांनी बल्ब खालीवर केला. पारा मनासारखा चढला तसे ते मिशीतल्या मिशीत हसले.

चिंगी उठली. बल्बखालून सरळ पुढे गेली आणि पार दुसऱ्या, अंधाऱ्या कोपऱ्यात अंग पसरून पडली. डोळे अर्धे मिटलेले, तोंड किंचित उघडं. भर दुपारी शेताच्या धुऱ्यावर पडावी तशी.

त्यांनी तिथे हात घातला. फळी ऊनऊन होती.

बल्ब विझवला, तरी ऊनच. खोकं उलटं फिरवलं, तर चिंगी खोक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. खोलीतली जागा मात्र तीच. मग त्यांनी खोकंच उचललं. खालच्या फरशीचा सुपाएवढा तुकडा कोमट होता, भोवतालची फरशी गारठ्यानं तळव्यांना झोंबत होती. खाली चूल नव्हती. भिंतीपलीकडे नुसती गल्ली.

गुणवंतरावांनी चार दिवस डोकं खाजवलं. रुखमाबाईंनी तेवढ्यात त्या जागेवर एकदा वड्या वाळवून घेतल्या. चिंगी तिथे पडून अंडी मटकावू लागली, शेपटी जाड झाली, हाक मारली की मान वर करू लागली. घरात हसू आलं. मग कारण शोधायचं राहूनच गेलं.

पुढे तो उबेचा तुकडा सरकू लागला, खिडकीतलं ऊन सरकतं तसा, पण फार सावकाश. त्याच्यामागे खोकं सरकवणं हा घरातला खेळच झाला. संक्रांतीनंतर ती ऊब आतल्या खोलीत, पलंगावर आली. आता गोधडीसुद्धा लागत नाई, म्हणून रुखमाबाई खूश.

एका ढगाळ दुपारी जेवून दोघं आडवी झाली. खिडकी लावलेली, दिवा बंद. चिंगी पायथ्याशी निवांत.

गुणवंतरावांनी डोळे मिटले. पापण्यांआड सगळं लाल झालं, सूर्याकडे तोंड केल्यावर होतं तसं.

डोळे उघडले. अंधारी खोली.

पुन्हा मिटले. लाल.

त्यांना गंमत वाटली. अंग सैल पडलं, झोप येऊ लागली.

मग तो लाल रंग एका बाजूनं काळा होत आला. कोणी ऊन अडवत समोरून जावं तसा. पण तो अंधार पुढे गेला नाही. थांबला.

शेजारी रुखमाबाई डोळे मिटूनच कुरकुरल्या, "जरा बाजूले सरका ना. माह्या उनात काऊन उभे राह्यले?"