काळविटाची जागा

साठी उलटल्यावर नवऱ्यानं केस काळे करावेत, आणि तेही चोरून, याचा लीलाबाईंना मनस्वी राग आला. मानेपासून टाळूपर्यंत काळेभोर. भुवया आणि हनुवटीखालची दाढी मात्र पांढरीफटक.

"अहो, रंगवायचेच होते तर धड तरी रंगवायचे!"

"मी काही लावलेलं नाही," वेणीमाधव सर म्हणाले.

लीलाबाईंनी न्हाणीघर, कपाट, अडगळ सगळं उलथंपालथं केलं. रंगाची बाटली काही सापडली नाही.

सरांनी सोलापुरात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मंद्रूप गावाच्या पुढं उजाड माळावर घर बांधायचं खूळही त्यांचंच. तिथं ना झाड, ना शेजार. कुसळी गवत, वारा आणि काळविटांचा कळप. त्यातल्या एका नराची जागा नेमकी यांच्या कुंपणात आली होती. नर रोज एकाच ठिकाणी येऊन लेंड्या टाकतो, त्यांचा ढीग साचतो, डोळ्याखालच्या ग्रंथीतला काळा चीक तो काटक्यांना घासून खूण करतो, आणि त्या ढिगाभोवतीची जमीन तो दुसऱ्या नराला शिवू देत नाही. हे सरांनी वर्गात कितीदा सांगितलं असेल. इकडची रीत अशी, की माळ नांगरला तरी तेवढा ढीग सोडायचा आणि भोवती चार दगड लावायचे. सरांनी तो पाटीत भरून मोगऱ्याला घातला. फुकटचं खत!

"सर, तसं करू नगा," दूध घालणारी सुंदरम्मा कळवळून म्हणाली होती. "नर गेला तर जागा कोण राखंल? कुणीतरी लागतंयच की."

"जागा माझ्या नावावर आहे, बाई," सर हसून म्हणाले होते.

नर काही दिवस तारेबाहेर उभा राहिला. मग दिसेनासा झाला.

तेव्हापासून त्या जागेवर सर उभे राहू लागले. भर उन्हात, चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत. हाक मारली तर 'आलो' म्हणायचे आणि यायचे नाहीत. खिडकीच्या गजांना, मोगऱ्याच्या काटक्यांना काळं, डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं दिसू लागलं. लीलाबाई राखेनं घासून काढायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा त्यांनी सरांना काटकीवर गाल घासताना पाहिलं.

"खाज सुटली," ते म्हणाले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ओघळलेला काळा थेंब त्यांनी बाहीला पुसला. लीलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. सदरा नवा कोरा होता.

त्यात उत्कर्षाचे दिवस भरत आलेले. एकुलती एक लेक, आधीचं बाळ हाती लागलं नव्हतं. "या वेळी बाबा माझ्याजवळ हवेत," असं तिनं फोनवर रडून सांगितलं होतं. आणि हा माणूस तारेबाहेर पाऊल टाकेना!

जावई सुबोध न्यायला म्हणून मुद्दाम पुण्याहून आला. तो तारेबाहेरून फाटकाकडं चालू लागला, तसे सरही आतून त्याच्या बरोबरीनं चालू लागले, मान ताठ करून, त्याच्याकडं न बघता. फाटकाशी ते आडवे उभे राहिले ते हललेच नाहीत. जावई चहासुद्धा न घेता परत गेला. लीलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी त्यांनी सरांचा जुना विद्यार्थी राजेसाब याची गाडी बोलावली. सर मुकाट्यानं येऊन बसले. लीलाबाईंच्या जिवात जीव आला. गाडी फाटकातल्या हद्दीच्या दगडापाशी पोचली.

सरांनी चालत्या गाडीचं दार उघडलं.

"अवो सर! काय करताव?" राजेसाबनं करकचून ब्रेक दाबला.

सर उतरून माघारी निघाले होते. लीलाबाईंनी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"लीला, मला जाता येत नाही गं."

त्यांचे डोळे वाहत होते. गालावरचे ओघळ काळे होते.

"मग बसा इथंच माती खात!" लीलाबाई ओरडल्या, आणि रडत एकट्याच गाडीत बसल्या.

पुण्यात सगळं सुखरूप झालं. बाळाला मांडीवर घेतलं तसा लीलाबाईंचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी सुंदरम्माला फोन लावला.

"अक्का, सर भाकरीला शिवंनात. तितंच उबे हायत. थांबा, कानाला लावते."

"अहो, आजोबा झालात! मुलगा झाला."

पलीकडं नुसता वारा.

"ऐकताय ना? सव्वा महिन्यानं आम्ही घेऊन येतो त्याला."

"मुलगा?" सरांनी हळूच विचारलं.

"हो, मुलगा."

नाकातून जोरात सोडलेला श्वास ऐकू आला. मग कोरड्या मातीवर काहीतरी आपटल्याचा टणक आवाज. एकदा. पुन्हा एकदा.

लीलाबाईंना आठवलं, सरांच्या चपला राजेसाबच्या गाडीतच राहिल्या होत्या.

"सुंदरम्मा," फोन तिच्याकडं आल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांच्या पायात काय आहे गं?"

सुंदरम्माची मागं मागं सरकणारी पावलं ऐकू आली.

"अक्का," ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाळाला हिकडं आणू नगा."