सोनकीतली हाक

त्या काळी लोक नादशाळेत झाडांची मुळं घेऊन येत. कुणी आजोळच्या आंब्याचं, कुणी शाळेमागच्या चिंचेचं. शोध तसा साधा होता. वर्षानुवर्षं जगणाऱ्या झाडाच्या मुळात दरवर्षी एक कडं वाढतं आणि आसपासच्या आवाजांची थरथर त्यात मुरून राहते. या ‘नादकड्या’चे पातळ काप काढले की यंत्र जुने आवाज ऐकवी. मूळ मात्र मरे. त्याचं कुणाला फारसं वाटत नसे. माणसाची जातच तशी.

साताऱ्याकडची ठकूआजी झोरे रिकाम्या हातानं आली आणि नादशाळेतल्या संशोधक ऋजुताला थेट पठारावर घेऊन गेली. तिथं पिवळ्या रानफुलांच्या सोनकीची एकच जाळी उरली होती. वरून दरसाल वाळे, पण मूळ जुनं होतं.

“घरात सासूसासऱ्यांपुढं आमचे हे ‘अगं ए’ म्हणायचे,” आजी म्हणाली. “हितं धुक्यात म्हशी पांगल्या की माझं म्हायेरचं नाव घिऊन हाक मारायचे. येसू. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी न्हाई.”

ऋजुतानं कळ्या पाहिल्या. “आजी, आजच कापू. सोनकी फुलते ती सगळ्यात जुनं कडं खाऊन. त्यांचा आवाज त्यातच असला तर जाईल.”

आजी घुटमळली. “गौरीला पयली फुलं ह्याच जाळीची. तेच आणायचे. गौर जेवू दे, मग काप. इतकी वर्सं ऱ्हायलंय, चार दिसांनी काय हुतंय?”

जाळी फुलली, गौरीला फुलं वाहिली. गौरी गेल्यावर मूळ कापलं. यंत्रातून वारा आला, म्हशींच्या गळ्यातल्या घंटा आल्या. आजीचे डोळे भरून आले. मग एका तरुण बाईचा आवाज आला, “ओ, आले.” थोड्या वेळानं पुन्हा, “ओ, आले.”

ऋजुतानं मागंपुढं करून पाहिलं. हाक कुठंच नव्हती.

“हा तुमचाच आवाज ना? पण हाक कोण मारतंय?”

“कुणीबी न्हाई,” आजी हळूच म्हणाली. “ते गेल्यावर फुडच्या साली मी पठारावर जाऊन उगंच ओ द्यायची. इसरलेच हुते.”

तिनं पदराची गाठ सोडली. गौरीपुढचं सोनकीचं सुकलेलं फूल तळहातावर घेऊन ते ऋजुतापुढं धरलं.

“ह्यातनं न्हाई का गं ऐकू यायचं?”